दिसतंय तोवर दाखवा!

डोंबिवलीकर कशाकशावर नजर ठेवून असतो! इंडिकेटरवर, घड्याळावर, चौथ्या सीटवर, फडके रोडवर गाडी लावायला जागा मिळते का त्यावर, आणि समोरच्या विंगमध्ये कुणाकडे नवा फ्रीज आला त्यावरही. लक्ष नसतं ते फक्त ज्या डोळ्यांनी हे सगळं बघतो त्यांच्याकडे. त्यातून घरात कुणाला शुगर असेल तर ही डोळेझाक महागात पडते. आणि हल्ली कुणाच्या घरात शुगर नाही? म्हणून डोळे आणि साखर या जोडगोळीबद्दलच्या या काही गमतीच्या, काही धास्तीच्या गोष्टी. उभ्याने वाचल्यात तरी चालेल. ठाणं येईपर्यंत निम्म्या होतील.

पहिला नंबर गोव्याचा

आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. प्रौढांमधलं देशाचं प्रमाण ११.४ टक्के. सगळ्या राज्यांत आघाडीवर कोण? आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के. म्हणजे चौघे प्रौढ गप्पा मारत बसले असतील तर त्यातला एक मधुमेही. गोव्याहून येताना काजू आणा, बाकी काही आणू नका.

दहातल्या नऊ जणांनी तपासलंच नाही

डोळ्याच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असतं, दृष्टिपटल. दवाखान्यात सगळे त्याला ‘पडदा’च म्हणतात. मधुमेहामुळे या पडद्याला होणारा आजार म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साडेबारा टक्क्यांच्या पडद्यावर त्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे आठातला एक. आणि २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं, की जवळजवळ दहातल्या नऊ मधुमेहींनी पडदा कधी तपासूनच घेतला नव्हता. साखर तपासायला सकाळी उपाशीपोटी रांगेत उभे राहणारे आपण, डोळ्यांच्या बाबतीत मात्र ‘दिसतंय की’ म्हणून मोकळे होतो.

अंगठा गायब

आता एक जादू. दोन्ही हात समोर सरळ धरा, अंगठे वर, एकमेकांना चिकटलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे एकटक बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. वीतभर अंतराच्या आतच त्याचं टोक नाहीसं होईल. आणखी सरकवलात की परत हजर! (लोकलमध्ये हा प्रयोग करू नये, शेजारचा चिडेल.)

पडद्यावर ज्या जागेतून डोळ्याची नस मेंदूकडे जाते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. तेवढ्या जागेपुरते आपण सगळेच आंधळे आहोत. मग जगात भोक का दिसत नाही? कारण मेंदू आजूबाजूचा रंग पसरवून ते बुजवून टाकतो. हीच त्याची कारागिरी मधुमेहात अंगाशी येते. कडेचा पडदा बिघडायला लागला तरी मेंदू बरंच काही सांभाळून घेतो, आणि माणसाला वाटतं, सगळं झकास आहे.

सहावर सहाचा भ्रम

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा, वर मोठी आणि खाली बारीक होत जाणारी अक्षरं असलेला तक्ता हॉलंडच्या हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. ६/६ म्हणजे, निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी ती तुम्हीही सहा मीटरवरून वाचलीत. ६/६० म्हणजे, जे इतरांना साठ मीटरवरून दिसतं त्यासाठी तुम्हाला सहा मीटरवर यावं लागलं.

पण हा तक्ता फक्त पडद्याच्या मधोमध असलेल्या इवल्याशा भागाची परीक्षा घेतो. त्या भागाला धक्का लागेपर्यंत बाकीचा पडदा कितीही बिघडलेला असला तरी निकाल ६/६ लागू शकतो. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. तो नंबर झाला. तपासणी अजून बाकी आहे.

ठाण्याच्या गाडीआधी दोन वर्षं

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ मध्ये धावली. त्याच्या दोन वर्षं आधी, १८५१ मध्ये, जर्मनीच्या हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावण्याचं उपकरण जगापुढे मांडलं. तोपर्यंत बाहुलीच्या काळ्या खिडकीमागे काय चाललंय हे डॉक्टरांनाही दिसत नव्हतं. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली आणि आपला भाग बदलून गेला. या उपकरणाने वैद्यकाचंही तसंच झालं. कारण काहीही न कापता शरीराच्या आतल्या रक्तवाहिन्या थेट बघता येतील, अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. म्हणूनच तिथे खराबी दिसली की चांगला डॉक्टर लघवीची आणि किडनीचीही तपासणी करायला सांगतो. बारीक वाहिन्या दोन्हीकडे असतात, आणि साखर कुणालाही सोडत नाही.

पडद्यावरचं अनधिकृत बांधकाम

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्यातल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे फुगवटा, कुठे पाझर, कुठे रक्ताचा ठिपका. पुढे काही वाहिन्या बंदच पडतात आणि तो भाग प्राणवायूसाठी कासावीस होतो. मग तो व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडून नव्या वाहिन्या मागवतो. आता डोंबिवलीकराला वेगळं सांगायला नको, गरज आहे म्हणून घाईघाईत उभं राहिलेलं अनधिकृत बांधकाम कसं असतं! पाया नाही, परवानगी नाही, माल हलका. एक दिवस ते कोसळतं. रक्त डोळ्याच्या आत सांडतं, आणि समोर अचानक काळे धागे, जाळी किंवा अंधार.

यावरचा एक उपचार म्हणजे लेझर. तो या बांधकामाचं तोडकाम करत नाही. तो पडद्याचा उपाशी भाग जाळून त्याची मागणीच बंद करतो. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर नवं बांधकाम हळूहळू आटोपतं.

ग्रहण पाहिलं, उपचार सापडला

पडदा जाळून डोळा वाचवायचा ही अचाट कल्पना आली कुठून? जर्मनीतले तरुण डॉक्टर गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी बघून पडदा भाजून घेतलेला विद्यार्थी तपासला. डाग लहानसा होता, पण त्याच्या कडा घट्ट चिकटल्या होत्या. डॉक्टरांच्या डोक्यात आलं, हाच डाग आपण ठरवून, हव्या त्या जागी पाडला तर? सुरुवातीला त्यांनी चक्क आरशांनी सूर्यप्रकाश आत आणून उपचार केले. ढग आले की काम बंद. पुढे झेनॉनचा दिवा आला आणि त्यानंतर लेझर.

याच लेझरचा दुसरा अवतार डीजेच्या गाडीवर असतो. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकमध्ये तरुणांच्या पडद्याला लेझरने इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुण्यात पोलिसांना विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरवर बंदीचे आदेश काढावे लागले. डॉक्टरांच्या हातातला लेझर कुठे, किती वेळ आणि किती जोराने मारायचा हे ठरलेलं असतं. डीजेवाल्याचं ठरलेलं नसतं. मिरवणुकीत तो झोत अंगावर आला की मान फिरवा.

डोळ्यात इंजेक्शन? थेंबभर!

हे वाचूनच अनेकांचे डोळे मिटतात. पण आधी बधिर करणारे थेंब घालतात, सुई केसभर असते, आणि औषध किती? ०.०५ मिलीलिटर. म्हणजे जेमतेम एक थेंब. हे औषध ते व्हीईजीएफ रसायन अडवतं. गंमत म्हणजे यातलं एक गाजलेलं औषध, बेव्हासिझुमॅब, मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये बाजारात आलं. गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळू नयेत हे त्याचं काम. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचार केला, नको असलेल्या वाहिन्या तर आमच्याकडेही आहेत! पडद्याच्या मधोमध सूज आली असेल तर आज हाच मुख्य उपचार आहे. फक्त एका इंजेक्शनात भागत नाही, तारखा पाळाव्या लागतात. निम्म्यावर सोडलेला उपचार म्हणजे पैसेही गेले आणि नजरही.

बाप्पाच्या पत्रीतला धोतरा

गणेश चतुर्थीच्या एकवीस पत्रींत धोतऱ्याचं पान असतं. पत्री निवडताना त्याचा रस बोटाला लागला आणि तेच बोट डोळ्याला, तर बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. कारण धोतऱ्यात ॲट्रोपीनच्या जातीची द्रव्यं असतात. पडदा तपासण्याआधी डॉक्टर जे थेंब घालतात, तेही बाहुली मोठीच करतात. त्यातलं औषध वेगळं, मोजून केलेलं, आणि काही तासांत उतरणारं.

म्हणून तपासणीला जाताना स्कूटर घरी ठेवा, गॉगल आणि एक माणूस बरोबर घ्या, आणि त्या दिवशी बँकेच्या फॉर्मवर सह्या करायचं ठरवू नका. पत्री निवडल्यावर मात्र हात साबणाने धुवा.

चष्मा सुटला म्हणून पेढे वाटू नका

साठीच्या काकांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागतो. घरात कौतुक: ‘बघा, या वयात!’ खरं कारण भलतंच असू शकतं. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात साखर साठते, तिच्यामागे पाणी शिरतं, भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. जवळचं तात्पुरतं स्वच्छ दिसायला लागतं, लांबचं धूसर. साखर उतरली की नंबर पुन्हा हलतो. त्यामुळे मधुमेह नुकताच सापडला असेल किंवा औषध बदललं असेल, तर साखर काही आठवडे स्थिर राहू द्या आणि मगच नवा चष्मा करा. नाहीतर महिन्यात दोन चष्मे, आणि दोन्ही चुकीचे.

एकादशी, दुप्पट खाशी

उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, शेवटी रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, पोटात गेलं की झपाट्याने साखर. उपास देवाला पोचतो, खिचडी थेट ग्लुकोमीटरला. त्यापेक्षा वरीचे थोडेच तांदूळ, भरपूर दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर बरी. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाआधी डॉक्टरांना विचारायचं, उपासानंतर नाही.

गाजराबद्दल एक गुपित. गाजर खाऊन अंधारात दिसतं ही कीर्ती दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी फुगवली. त्यांचे वैमानिक रात्री शत्रूची विमानं टिपत होते ते रडारच्या जोरावर. गावभर सांगितलं गाजर. जीवनसत्त्व ‘अ’ डोळ्यांना लागतंच, पण ते अळू, शेवग्याचा पाला, पालक यांतूनही भरपूर मिळतं. आणि कितीही गाजरं खाल्ली तरी वाढलेल्या साखरेचा हिशेब चुकत नाही. गाजर हलवा खाल्ला तर विचारूच नका.

७६ टक्क्यांची सूट

सेलचा बोर्ड नव्हे, १९९३ मध्ये जाहीर झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी-कॅनडियन अभ्यासाचा निकाल आहे. टाइप वन मधुमेह असलेल्या, पण पडदा अजून निरोगी असलेल्या लोकांनी साखर काटेकोर सांभाळली, तर पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासाने टाइप टूवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट दाखवली: रक्तदाब कसून आटोक्यात ठेवला तर नजर खालावण्याचा धोका ४७ टक्क्यांनी घटतो. म्हणजे डोळ्याचा निम्मा उपचार दंडाला पट्टा बांधूनच होतो.

एक सावधगिरी. खूप वर्षं चढी असलेली साखर एकदम खाली आणली, तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो. म्हणून जोरदार औषध सुरू करण्याआधी डोळे दाखवून घ्या. साखर उतरवायचीच आहे, फक्त पडद्यावर लक्ष ठेवून.

विमानाची काच आणि दाताचा डॉक्टर

मधुमेहींना मोतीबिंदू लवकर गाठतो. ‘पिकू दे, मग काढू’ हा सल्ला आता आजीच्या पेटीत ठेवून द्यावा. पिकायची वाट बघायची गरज नाही. उलट मोतीबिंदू दाट झाला की मागचा पडदा डॉक्टरांनाच दिसत नाही.

डोळ्यात बसवतात ते कृत्रिम भिंग युद्धातून आलं. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की लढाऊ विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले तरी डोळा त्यावर चिडत नाही. १९४९ मध्ये त्यांनी तशाच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी नाकं मुरडली, पण पुढे सगळं जग त्याच वाटेने गेलं. आणि बारीक छेदातून मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची युक्ती? न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसले होते. दात साफ करणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र चालू झालं, आणि १९६७ मध्ये तीच कल्पना मोतीबिंदूवर चालली.

माकेगावचे डॉक्टर

लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या शेतकरी कुटुंबातले डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात नेत्रविभागाचे प्रमुख झाले. त्यांची स्वतःची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा, १९९५ मध्ये, आई अंजनाबाईंनी त्यांना आपलं मूत्रपिंड दिलं. त्यानंतर त्यांनी मोतीबिंदूच्या एक लाखावर शस्त्रक्रिया केल्या. आनंदवनातल्या शिबिरांत कुष्ठरुग्णांचे डोळेही त्यांनी उघडले. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. एका आईच्या एका निर्णयाने किती जणांना दिसू लागलं, याचा हिशेब करून बघा.

महापालिकेच्या दवाखान्यात मोबाइल

पडदा तपासायला मोठं यंत्र आणि मोठा डॉक्टरच लागतो असं नाही. मुंबईत डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेहींच्या पडद्याचे फोटो मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढले, तेही आरोग्यसेविकांच्या हातून. फोनमधल्याच संगणकीय प्रणालीने इंटरनेटशिवाय तिथल्या तिथे सांगितलं, कुणाला पुढे पाठवायचं. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की संगणक पडद्याच्या फोटोवरून माणसाचं वय, रक्तदाब, एवढंच काय, स्त्री की पुरुष हेही ओळखू शकतो. अनुभवी डॉक्टरांना फोटो बघून हे शेवटचं सांगता येत नाही. वय चोरणाऱ्यांनी यापुढे पडदा सांभाळावा.

बारा फुटांचा डबा, वीस फुटांचा नियम

मोबाइलमध्ये डोकं घातलं की आपण पापण्या मारायला विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-एक वेळा मारतो, स्क्रीनपुढे निम्म्याहूनही कमी. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. मधुमेहींना हा कोरडेपणा जास्त छळतो. उपाय साधा: दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडे, वीस सेकंद बघायचं.

आता अडचण. आपल्या लोकलचा डबा रुंदीला बाराच फूट. समोरच्या माणसाकडे बघून वीस फूट भरत नाहीत, शिवाय तो ‘काय झालं?’ विचारतो. त्यापेक्षा खिडकीबाहेर बघा. मुंब्र्याचा डोंगर आहे, खाडी आहे, खारफुटी आहे. देवीचं देऊळ दिसलं की वीस सेकंद आपोआप जातात.

पारसिकचा बोगदा

१९१६ चा, सुमारे १.३ किलोमीटरचा. एकेकाळी फास्ट लोकल यातूनच जायची. उजेडातून अंधारात शिरल्यावर डोळ्याला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, बोगदा तर मिनिट-दोन मिनिटांत संपायचा. म्हणजे डोंबिवलीकरांच्या कितीतरी पिढ्यांनी तो बोगदा कधी धड पाहिलाच नाही! पडद्यावर भरपूर लेझर झालेल्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला आणखी जड जातं. नाटक सुरू झाल्यावर थिएटरात शिरायची सवय त्यांनी सोडावी, आणि घरच्यांनी जिन्यातला दिवा बदलावा.

मोटरमनचे डोळे, प्रवाशांचे प्राण

१८७५ मध्ये स्वीडनमध्ये रेल्वेचा मोठा अपघात झाला. डॉ. होल्मग्रेन यांना संशय आला, की कर्मचाऱ्याला सिग्नलचे रंग ओळखता आले नसावेत. त्यांनी रंगीत लोकरीचे धागे निवडायला लावून रेल्वेवाल्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेतही गाडी चालवणाऱ्यांसाठी दृष्टीचे निकष सगळ्यात कडक असतात. भरतीच्या वेळी चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६ लागतं, रंगही बिनचूक ओळखावे लागतात. मधुमेहात निळ्या-पिवळ्यातला बारीक फरक कधी कधी पडद्यावर डाग दिसण्याआधीच पुसट होतो. मोज्यांचे जोड वारंवार चुकायला लागले तर फक्त घाईला दोष देऊ नका.

चुना लागला तर

माणसाच्या डोळ्यातली पारदर्शक काच, म्हणजे बुबुळ, दुसऱ्याला बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९०५ मध्ये डॉ. एदुआर्द झिर्म यांनी केली. ज्याला बसवली त्या मजुराचे डोळे चुन्याने भाजले होते. आपल्याकडे तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी पोरांच्या हाती लागते, दाबली की थेट डोळ्यात. ती पोरांपासून लांब ठेवा. चुना असो की एमआयडीसीतलं रसायन, पहिलं औषध एकच: नळाखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटं पाणी. आधी पाणी, मग रिक्षा, मग डॉक्टर. डॉक्टरांना फोन लावत बसलात तर तेवढ्यात डोळा भाजतो.

मधुमेहींचेही डोळे चालतात

नेत्रदानात बुबुळाचाच उपयोग होतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू ते थेट हवेतून घेतं. म्हणून शुगर असली, जाड चष्मा असला, मोतीबिंदू काढलेला असला तरी नेत्रदान करता येतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचं, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा पंधरवडा याच प्रचाराचा. पण घरच्यांना आजच सांगून ठेवा. अर्ज कपाटात आणि घरच्यांना पत्ताच नाही, असं झालं की सगळं राहून जातं.

खरं की खोटं?

कमी उजेडात वाचल्याने डोळे जातात. खोटं. थकतात, जात नाहीत.

डोळे आलेल्याच्या डोळ्यात बघितलं की आपलेही येतात. खोटं. हात, टॉवेल, रुमाल यांतून येतात.

डोळ्यात मध, गुलाबपाणी, निरसं दूध घालावं. मुळीच नाही.

‘मागच्या वेळचे थेंब’ मेडिकलमधून पुन्हा आणले तर चालतात. खोटं, आणि धोक्याचं. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

काचबिंदूत गेलेली नजर परत येते. खोटं. उरलेली वाचवता येते.

दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही. सगळ्यात मोठं खोटं. पडद्याचा आजार दुखत नाही.

स्वतःच तपासायच्या दोन खुणा

एक: कधीतरी फलाटावर एकेक डोळा हाताने झाकून इंडिकेटर वाचा. गाडी फास्ट की स्लो, बारा डबे की पंधरा. एका डोळ्याला दिसतंय आणि दुसऱ्याला नाही, हे दोन्ही उघडे असताना महिनोन्‌महिने कळत नाही.

दोन: एकेका डोळ्याने खिडकीच्या ग्रिलकडे बघा. सरळ गज वाकडे किंवा मधेच तुटलेले दिसले, अचानक काळे ठिपके, वीज चमकल्याचा भास किंवा कडेने पडदा ओढल्याचं वाटलं, तर ‘सोमवारी बघू’ नको. त्याच दिवशी डॉक्टर.

आता वेळापत्रक

टाइप टू मधुमेह सापडला की त्याच वेळी पडद्याची तपासणी, कारण साखर कधीपासून वाढलेली होती हे सांगता येत नाही. टाइप वन असेल तर पाच वर्षांच्या आत पहिली. त्यानंतर दरवर्षी, काही वाटलं नाही तरी. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच. आजार सुरू झाला असेल तर डॉक्टर सांगतील त्या तारखांना.

खर्चाची काळजी असेल तर सायन, केईएम, जे.जे. या रुग्णालयांचे नेत्रविभाग आहेत. सायन तर आपल्याच लाइनवर. आपल्या महापालिकेच्या शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई रुग्णालयांतही आधी चौकशी करा. तारीख लक्षात राहत नसेल तर १४ नोव्हेंबर धरा. बालदिन म्हणून आपल्याला पाठच आहे. इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग यांचा तो वाढदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिनही तोच.

हे वाचून घरातल्या शुगरवाल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: बाहुली मोठी करून पडदा शेवटचा कधी तपासला? उत्तर ‘कधीच नाही’ किंवा ‘आठवत नाही’ असलं तर याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, आणि तुम्ही स्वतः बरोबर जा. परत येताना रिक्षा करा.